मिस्त्रींचे एकोणीस पॅलेट

कंपनीत मिस्त्रींना नावाने कुणीच हाक मारत नसे. हजेरीच्या वहीतही ‘मिस्त्री’ एवढंच लिहिलेलं असायचं.

कंपनी फरशा चिकटवायची पावडर बनवते. पंचवीस किलोची एक गोणी. चाळीस गोण्यांचा एक पॅलेट. म्हणजे बरोबर एक टन. मिस्त्रींचं काम त्या चाळीस गोण्यांच्या खालचं. मोडके पॅलेट मागच्या शेडमध्ये यायचे आणि तिथून धड होऊन पुढे जायचे.

पॅलेट म्हणजे काय, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. मी साहित्यात पदवी घेतली होती. कंपनीला करार नीट वाचणारं माणूस हवं होतं आणि मला नोकरी. पहिल्याच आठवड्यात एका करारात ‘पॅलेट’ हा शब्द एकेचाळीस वेळा आला. मी शेडमध्ये विचारायला गेले.

“शिकलीस किती?” मिस्त्रींनी विचारलं.

“बी.ए.”

“आणि पॅलेट बघितला नाहीस कधी?”

“नाही.”

“बघितला असशील. लक्ष गेलं नसेल. सगळ्यांचं लक्ष वरच्या मालाकडे असतं.”

त्यांनी एक पॅलेट उलटा करून दाखवला. तीन लाकडी दांडे. त्यांच्यावर आडव्या ठोकलेल्या फळ्या. दांड्यांच्या मधून फोर्कलिफ्टचे काटे शिरतील एवढी जागा. बस्स, एवढंच. त्या दिवसापासून माझं नाव बी.ए. पडलं.

पूर्वी ते कपाटं आणि पलंग करत. तयार फर्निचर आलं आणि त्यांचं दुकान बसलं. मग ते इथे आले. त्याला सतरा वर्षं झाली होती. पॅलेटला रंग नाही, पॉलिश नाही, कुणाची शाबासकी नाही. तरी त्यांच्या हातून गेलेल्या पॅलेटवर खिळ्याचं एक डोकं वर दिसत नसे. जेवणाच्या सुट्टीत ते वाकडे खिळे ऐरणीवर ठोकून सरळ करत. नवे खिळे मागितले की मिळत. ते मागत नसत.

लाकूड वाया गेलेलं त्यांना बघवत नसे. दांडा मध्येच तडकला तर दुसरा कुणी तो अख्खा फेकून नवा लावेल. मिस्त्री तडकलेला भाग कापून काढत, तिथे तेवढाच तुकडा बसवत आणि दोन्ही अंगांनी पट्ट्या ठोकत. त्याला ते जोड म्हणत. एका पॅलेटला एकदाच जोड, असा त्यांचा नियम होता. विसर पडू नये म्हणून जोड दिलेल्या पॅलेटच्या कोपऱ्यावर ते निळ्या रंगाचा ठिपका देत. आणि वहीत तारीख, पॅलेटचा क्रमांक आणि तो कुठे गेला ते लिहीत. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. साहेब फक्त म्हणत, मिस्त्रींमुळे लाकूड पुरतं.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांधकामाचं सामान विकणाऱ्या दुकानांची एक साखळी. तिच्याशी नवा करार झाला. साहेबांनी दर आणि तारखा बघून सही केली. दीड महिन्याने तो माझ्या टेबलावर आला, फाइलला लावायला. मी सवयीने व्याख्या वाचल्या. चहाच्या वेळी कागद घेऊन शेडमध्ये गेले. मला मजा वाटत होती.

“मिस्त्री, ऐका. तुमची व्याख्या बदलली.”

“माझी?”

“पॅलेटची. आधी होतं, ‘एक टन भार पेलणारी, जमिनीवर दोन थरांत रचता येणारी लाकडी चौकट’. आता आहे, ‘एक टन भार रॅकवर, केवळ दोन कडांच्या आधाराने, पेलणारी लाकडी चौकट’.”

मिस्त्री खिळा सरळ करत होते. हातोडी थांबली.

“पुन्हा वाच.”

वाचलं.

“दोन कडांवर? म्हणजे मध्ये खाली काही नाही?”

“रॅकला पुढे एक लोखंडी पट्टी असते, मागे एक. त्यावर टेकवतात. त्यांनी नवीन गोदाम बांधलंय ना, पाच मजली रॅकचं.”

“कधीपासून?”

“गेल्या महिन्याच्या एक तारखेपासून.”

त्यांनी कपातला चहा ओतून दिला. वही काढली. बोट फिरवत गेले. ओठ हलत होते. मी गंमत करायला आले होते हे मी विसरले.

“एकोणीस,” ते म्हणाले.

“काय एकोणीस?”

त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली. मधून मोडली. दोन तुकडे चिकटपट्टीने जोडले आणि टेबलावर आडवे ठेवले. “दाब.” मी बोटाने दाबलं. काही झालं नाही. मग त्यांनी तीच पेन्सिल दोन कपांच्या कडांवर ठेवली. “आता दाब.” मी बोट टेकवलं आणि ती मधून खाली गेली.

“जमिनीवर वजन जमीन घेते,” मिस्त्री म्हणाले. “दांड्याला काही करावंच लागत नाही. वरती सगळं मध्यावर येतं. आणि माझी जोड मध्यावर आहे. एक तारखेपासून तिकडे गेलेल्या एकोणीस पॅलेटमध्ये.”

“खालून माणसं जातात?”

“गोदाम आहे. जाणारच.”

मी धावत टेबलाशी गेले. काहीतरी सापडेल असं वाटत होतं. सापडलंही. सातवं कलम. माल उतरवल्यावर दोन दिवसांच्या आत खरेदीदाराने पॅलेट तपासावेत. तक्रार नसेल तर ते स्वीकारले असं धरलं जाईल. त्यानंतर पॅलेटची मालकी आणि जोखीम खरेदीदाराची. मी परत शेडमध्ये गेले. धाप लागली होती.

“मिस्त्री, ते आता आपले नाहीत. दोन दिवस केव्हाच होऊन गेले. त्यांचे झाले.”

त्यांनी ऐकून घेतलं. दोनदा ऐकलं. मग म्हणाले, “दांड्याला कुणी सांगितलंय का तसं?”

आम्ही साहेबांकडे गेलो, तर त्यांनीही सातवं कलमच सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. मिस्त्रींना त्यांनी खुर्ची दिली. मग दार लावून घेतलं.

“लेखी काही द्यायचं नाही. पत्र दिलं की आपण कराराबाहेरचे पॅलेट दिले हे आपणच कबूल केलं. मग ते पूर्ण करार मोडू शकतात. दोनशे माणसं आहेत इथे. पुढच्या गाडीपासून सगळे नवे पॅलेट पाठवू.”

“आणि गेलेत ते?”

“ते त्यांनी तपासून घेतलेत.”

“वरून तपासलेत. जोड खालून दिसते, साहेब.”

“मिस्त्री,” साहेब हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही जोड लावत होता हे मला माहीत नव्हतं. आणि आजही माहीत नाही.”

बाहेर आल्यावर मिस्त्री शेडकडे चालू लागले. मीच बोलत राहिले. टिकतील हो, तुमचं काम आहे ते, सतरा वर्षांत कधी मोडलंय का. ते म्हणाले, “बघू.”

त्यांनी शेडमागे दोन लोखंडी तुळया ओढत आणल्या आणि विटांवर समोरासमोर ठेवल्या. निळ्या ठिपक्याचा एक पॅलेट अजून शेडमध्येच होता. तो त्यांनी तुळयांवर टेकवला. फोर्कलिफ्टवाल्याला विनवून फाटक्या गोण्या लावून घेतल्या. चाळीस. मग दांड्याच्या दोन टोकांना दोरा ताणून बांधला, म्हणजे मध्ये किती वाकतोय ते कळेल.

संध्याकाळपर्यंत दांडा जागचा हलला नाही. मी म्हटलं, बघितलंत? ते म्हणाले, “अजून एक दिवसही झाला नाही. तिकडचे महिनाभर उभे आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरा आणि दांडा यांच्यात एक करंगळी गेली. दुपारी अंगठा गेला. मिस्त्रींनी डबा उघडला नाही. प्रत्येक तासाला जाऊन बघत. मीही जात होते. टेबलाशी बसलं की तो वाकलेला दांडा डोळ्यांसमोर येई. मला करारातल्या ओळी दिसेनाशा झाल्या.

मिस्त्रींच्या बायकोचा फोन आला. त्या घरी शिवणकाम करतात. मी त्यांना वहिनी म्हणते.

“अगं, कंपनीत झालंय काय? काल यांनी दोन स्टुलांवर फळी टाकली आणि मला म्हणे बस. बसले. तर वाकून विचारतायत, वाकली का? म्हटलं फळी नाही वाकली, तुमच्या संसारात मीच वाकले.”

“हसले का?”

“हसतील कसले! म्हणाले, उठू नकोस, मोजू दे.” मग त्यांचा आवाज बदलला. “जेवत नाहीत गं. काय लागलंय जिवाला?”

मी सांगितलं.

“नोकरी जाईल का?”

“बोलले तर जाईल.”

“आणि न बोलले तर?”

“तर हे असंच चालू राहील.”

“मग जाऊ दे नोकरी,” त्या म्हणाल्या. “हा माणूस न बोलता घरात राहिला तर मला वेड लागेल.”

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही तिथेच उभे होतो. आधी कुणी बोटं मोडावीत तसा आवाज आला. एकदा. दोनदा. मिस्त्रींनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. मग मधला दांडा गेला. त्याच्या मागोमाग बाकीचे दोन. चाळीस गोण्या तुळयांच्या मध्ये खाली आल्या आणि पांढरी पावडर आमच्या गुडघ्यापर्यंत उडाली.

तुळया जमिनीपासून वीतभरच वर होत्या.

मिस्त्रींनी मोडलेल्या दांड्याचा जोडाचा तुकडा उचलला. झटकला. पिशवीत घातला. म्हणाले, “दहाची गाडी तिकडेच जाते ना?”

“साहेबांना विचारायचं?”

“तू विचार. मी चाललो.”

मी विचारलं नाही. गेल्या दीड महिन्यात निघालेल्या मालाच्या याद्या छापून घेतल्या आणि गाडीत चढले.

दोन तासांचा रस्ता. मिस्त्री समोर बघत होते. रस्त्यात खड्डा आला की त्यांचा हात आपोआप मागे, मालाकडे जायचा. ड्रायव्हर म्हणाला, “मिस्त्री, माल नीट बांधलाय. तुम्ही तुमचा जीव आवळून बसलाय तो जरा सोडा.” मिस्त्रींनी ऐकलंच नाही.

गेटवर वॉचमनने अडवलं. भेटीची वेळ घेतलीय का, पत्र कुठंय. मिस्त्री म्हणाले, “आत रॅकवर माझे एकोणीस पॅलेट आहेत. ते मोडणार आहेत. कुणालातरी बोलवा.” वॉचमनने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने फोन उचलला.

गोदामाच्या इनचार्ज बाई आल्या. चाळिशीच्या असतील. गळ्यात शिट्टी, हातात वॉकीटॉकी. त्यांच्यामागून आम्ही आत गेलो. रॅकच्या एका रांगेला तळातून आरपार वाट ठेवलेली होती, डोक्यावर सामान आणि खालून ये-जा. तिथून त्यांच्या काचेच्या केबिनीत पोचलो.

“काका, इथे अकराशे पॅलेट आहेत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या कंपनीने काही कळवलेलं नाही. तुमच्या शब्दावर मी काम बंद करायचं?”

मिस्त्रींनी पिशवीतला तुकडा काढून टेबलावर ठेवला. पांढरी पावडर सांडली.

“हा आज सकाळी गेला. दोन दिवस टिकला. मी ठोकलेला आहे. मी कच्चं काम करणारा माणूस नाही, मॅडम, आणि तरी गेला.”

बाईंनी तुकडा हातात घेतला. उलटा केला. जोडाच्या दोन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवलं. काचेबाहेर बघितलं. बाहेर दोन बायका हातगाडी ढकलत रॅकखालून चालल्या होत्या. एक काहीतरी सांगत होती आणि दुसरी हसत होती.

बाई केबिनीच्या दारात गेल्या आणि शिट्टी वाजवली. तीनदा. गोदामातला सगळा आवाज थांबला.

पुढचे तीन तास मला नीट आठवत नाहीत. जागा मी शोधत होते. प्रत्येक पॅलेटवर क्रमांकाची चिठ्ठी असते. माझ्या यादीतला क्रमांक, मिस्त्रींच्या वहीतली नोंद आणि त्यांच्या कॉम्प्युटरमधला कप्पा, हे जुळवत गेले. प्रत्येक आकडा दोनदा वाचत होते. एक आकडा चुकला असता तर. एकोणीसपैकी आठ पॅलेट मालासकट दुकानांत गेले होते. अकरा रॅकवर होते. सात तर सगळ्यात वरच्या मजल्यावर.

उंच फोर्कलिफ्टवाला काटे वर नेई. मिस्त्री खालून ओरडत, “पूर्ण आत घाल! अर्धा नको! दांड्याला धक्का लावू नको!”

“काका, लग्नातली नवरी उतरवतोय का मी?”

“नवरी मोडत नाही. उतरव हळू.”

एक आला. मिस्त्रींनी गुडघ्यावर बसून बॅटरी मारली. धड होता. दुसरा धड. तिसऱ्याच्या मधल्या दांड्याला केसाएवढी चीर. पाचव्याची चीर बोट जाईल एवढी होती. फोर्कलिफ्टवाल्याने ती बघितली आणि त्यानंतर विनोद बंद केले. दहापैकी चार तडकलेले निघाले.

अकरावा सापडेना.

कॉम्प्युटर जो कप्पा दाखवत होता तिथे रंगाचे डबे होते. बाईंनी वॉकीटॉकीवर विचारलं. मागच्या आठवड्यात कुणीतरी जागा करायला काहीतरी हलवलं होतं. कुठे, ते आठवत नव्हतं. मी पुन्हा पुन्हा तोच क्रमांक टाकत राहिले. पुन्हा पुन्हा तेच रंगाचे डबे. मिस्त्री रांगांमधून मान वर करून चालत होते. इतकी वर की मागे पडतील असं वाटत होतं.

“मॅडम,” ते थांबले. “हे काय?”

ते त्या आरपार वाटेच्या तोंडाशी उभे होते. डोक्यावर, वाटेच्या बरोबर वर, आमच्या पावडरचा एक पॅलेट होता. कोपऱ्यावर निळा ठिपका. आत येताना आम्ही त्याच्याखालून गेलो होतो. सगळे रोज त्याच्याखालून जात होते.

फोर्कलिफ्टवाल्याने काटे वर नेले. अर्ध्यावर थांबवले, हाताचे तळवे पँटला पुसले, पुन्हा नेले. पॅलेट उचलला. मागे घेतला. खाली यायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. जमिनीला टेकला तेव्हा बाईंनी भिंतीला हात लावला.

मिस्त्रींनी बॅटरी मारली. तिन्ही दांडे बघितले. नखाने खरवडून बघितलं. एकही चीर नव्हती.

“हा टिकला असता,” मी म्हटलं.

“आजपर्यंत टिकला,” ते म्हणाले.

केबिनीत बाईंनी एक छापील कागद काढला. कराराच्या शेवटी जोडलेला, नामंजूर पॅलेटचा तक्ता. मी तो कितीतरी वेळा वाचला होता. भरलेला कधी बघितला नव्हता. क्रमांक, संख्या, कारण.

बाई कारणापाशी थांबल्या. पेन वर धरलं.

“काका, मी इथे ‘वाहतुकीत नुकसान’ असं लिहू शकते. चिरा गेल्यात हे खरंच आहे. तुमच्या कंपनीला फार जड जाणार नाही.”

मी मिस्त्रींकडे बघितलं. मनात म्हणत होते, हो म्हणा. एकदा हो म्हणा.

“वाहतुकीत नाही झालं,” मिस्त्री म्हणाले. “जोड मध्यावर दिली म्हणून झालं. तसं लिहा. नाहीतर दुसऱ्या कुठल्या कंपनीतला मिस्त्री हेच करत असेल, त्याचं कुणी बघणार नाही.”

“मग मला खालचा रकानाही भरावा लागेल. ‘दुरुस्त केलेले पॅलेट यापुढे घेऊ नयेत.’ तुमचं काम दुरुस्तीचंच ना?”

“तेच.”

“कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय. सही कुठे करू?”

त्यांनी सही केली. शाळेतल्या मुलासारखी, एकेक अक्षर सुटं. मी बघत राहिले.

साहेबांचा फोन माझ्या मोबाइलवर आला. मिस्त्रींना द्या म्हणाले. मिस्त्रींनी कानाला लावला. पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. शेवटी मिस्त्री म्हणाले, “हो साहेब. शेडची किल्ली उद्या तुमच्या टेबलावर ठेवतो.” फोन मला परत दिला आणि लगेच बाईंना म्हणाले, “ते दुकानातले आठ?”

“दुकानांत रॅक नाहीत, काका. तिथे सगळं जमिनीवर. झालं आता. घरी जा, जेवा काहीतरी.”

“विचारून घ्या.”

“अहो, मी सांगतेय ना.”

“रॅकवर ठेवणार आहेत हे मला तरी कुणी सांगितलं होतं?”

बाईंनी फोन माझ्याकडे सरकवला. मी आठही दुकानांना फोन केले. पॅलेट कुठे आहे? जमिनीवर. रिकामा होऊन मागे पडलाय. जमिनीवर. फोडून शेकोटी केली. जमिनीवर. मिस्त्री प्रत्येक उत्तराला वहीत एक आडवी रेघ मारत होते. सात रेघा झाल्या.

आठव्या दुकानात एक आनंदी माणूस होता.

“पॅलेट ना? आहे की! त्याचा आम्ही बाक केलाय. विटांचे दोन ओटे रचले, त्यावर टाकला. मस्त झालाय.”

“मध्ये खाली आधार आहे का?”

“आधार कशाला? मोकळाच आहे. खाली कुत्रं झोपतं.”

“कुणी बसतं?”

“दिवसभर! आत्ता पाच जण बसलेत.”

मी फोनवर हात ठेवून सांगितलं. मिस्त्री उभे राहिले.

“उठवा म्हणावं.”

मी तसं सांगितलं. पलीकडे तो मोठ्याने हसला. “ताई, त्यात आमच्या शेठचे सासरे आहेत. तुम्हीच या त्यांना उठवायला.”

बाई म्हणाल्या, गुडघाभर उंच असेल, मोडला तरी कुणाला काय होणार आहे. मिस्त्री दारात पोचले होते. त्यांनी कोपऱ्यातला लाकडाचा एक ठोकळा उचलला आणि विचारलं, “हा घेऊ?” बाईंनी मान हलवली. मग त्यांनीच गोदामाची छोटी गाडी आणि ड्रायव्हर दिला.

दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. पोचेपर्यंत ऊन कललं होतं. बाकावर सहा जण होते. मधोमध एक जाडजूड म्हातारे गृहस्थ, काठीवर हनुवटी टेकून.

“आजोबा, उठता का जरा,” मिस्त्री म्हणाले.

“का? तू बसणार आहेस?”

“हा मोडेल.”

“महिनाभर बसतोय मी. माझ्या घरातली खुर्ची मोडली, हा नाही मोडला. कुणी बनवला असेल त्याला अक्कल आहे.”

बाकीचे हसले. मिस्त्री हसले नाहीत. तिथेच जमिनीवर बसले, मग पोटावर आडवे झाले आणि सहा जणांच्या पायांमधून बाकाखाली शिरले. कुत्रं बाहेर पळालं. म्हातारे पाय वर घेत ओरडले, “अरे, हा काय प्रकार आहे?” ते उठले म्हणून मग बाकीचेही उठले.

“बी.ए., ठोकळा दे,” आतून आवाज आला. “आता दोन विटा. अजून एक.”

मी देत राहिले. हातोडीचे ठोके ऐकू आले. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग मिस्त्री सरकत बाहेर आले. शर्टाला माती, केसात कोळिष्टक.

“चीर होती?” मी विचारलं.

त्यांनी करंगळी दाखवली. एवढी.

ते म्हातारे ते बघत होते. आता त्यांना बसायची घाई नव्हती.

मिस्त्री स्वतः मधोमध बसले. जरा उसळून बघितलं. मग एका बाजूला सरकले आणि माझ्याकडे बघून फळीवर हात आपटला. मला भीती वाटत होती. तरी बसले. ते खाली वाकले, डोकं गुडघ्यांच्याही खाली.

“काही होतंय का?” मी विचारलं.

“गप. ऐकू दे.”